वन्सं आणि घोडेस्वार

वन्सं काल सकाळच्या गाडीने गेल्या आणि तेव्हापासून मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडतेय. कारण काय, तर वीतभर उंचीचा पितळी घोडेस्वार.

चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "अगं, ह्याचा हात मोडलाय. मोडकी मूर्ती घरात ठेवू नये. नदीत सोडून टाक एखाद्या दिवशी." आणि तिथून थेट गवारीच्या भावावर गेल्या. मी "बघते" म्हणाले. त्यांच्यासमोर मला नेहमी एवढंच सुचतं.

त्यांना तो पहिल्यापासून आवडला नव्हताच. पण तेव्हा भावासमोर बोलायच्या नाहीत. आता बोलतात.

हात घर बदलताना गेला. कोणत्या खोक्यात होता, कुणी कसं उचललं, ते आता उगाळण्यात अर्थ नाही. वर उचललेला उजवा हात होता, त्यात भाला. तुटलेला तुकडा माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, बटणं आणि हुकांबरोबर. बॉबिन शोधायला गेलं की तोच आधी हाताला लागतो.

मला नक्की राग कशाचा आला? आधी वाटलं, नदीत सोड म्हणाल्या त्याचा. मुठेला काय कमी सोसावं लागतं, त्यात पितळ! पण तो राग नव्हे, ते नुसतं तोंडी लावायला. मग वाटलं, माझ्या घरात काय असावं हे त्यांनी का ठरवावं? हे जरा जवळ आलं. 'माझं घर' असं लिहिलं खरं, पण दोन खोल्यांच्या ह्या जागेला अजून माझं म्हणायची जीभ होत नाही. असो.

कोंडागावला घेतला होता. बस्तरची ढोकरा कला, घडवा लोकांचं काम. आत भाताचा कोंडा कालवलेल्या मातीचा गाभा, त्यावर मेणाच्या बारीक दोऱ्या गुंडाळत गुंडाळत सगळा घोडा उभा करायचा. वरून पुन्हा मातीचा लेप. भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत पितळ ओततात. थंड झालं की साचा फोडायचा, म्हणजे तसाच दुसरा काही निघत नाही. आमच्यासमोरच एक ढेकूळ हातोडीने फोडलं होतं. आतून काळाकुट्ट, कानसही न लागलेला घोडा बाहेर आला आणि हे लहान मुलासारखे हसले होते. तो नाही घेतला आम्ही. शेजारचा, भालेवाला घेतला.

त्याला जागा सापडायला आधीच्या घरात फार वेळ लागला होता. शोकेसमध्ये ठेवला तर मुलाच्या ट्रॉफ्या, लग्नात आलेला ताजमहाल आणि काचेचे हंस, ह्या गर्दीत तो रांगेत थांबल्यासारखा दिसे. टीव्हीवर ठेवला तर कुणी त्याच्याकडे बघेना. शेवटी कळलं, की लहान मूर्तीला उंची नको, आजूबाजूला मोकळी जागा हवी. आता खिडकीशेजारच्या लाकडी स्टुलावर आहे. खुर्चीत बसलं की डोळ्यांच्या रेषेत येतो, भिंतीपासून हातभर पुढे, म्हणजे मागून फिरून बघता येतं. समोरून उजेड पडला की पितळ नुसतं चमकतं. बाजूने पडला तर घोड्याच्या मानेवरच्या त्या दोऱ्यांचा एक न् एक वळसा दिसतो. एका ठिकाणी दोरी संपली असणार, तिथे नवी जोडून बोटाने दाबलेली आहे. मी रोज सकाळी तेवढंच बघते. कामाच्या मावशींना सांगून ठेवलंय, ह्याला चिंच लावायची नाही, नुसतं फडकं.

वन्संनी आधी विचारलं होतं, "देव आहे का हा?" मी "नाही हो, नुसता घोडेस्वार" म्हणाले. पण बस्तरात घोड्यावर बसलेले देव असतात, हत्तीवरचेही असतात. हा त्यांच्यातला आहे की नाही, हे घेताना आम्ही विचारलंच नव्हतं.

मोडक्या मूर्तीची पूजा करू नये हे मलाही ठाऊक आहे, आईकडेही तसंच होतं. पण मी कुठे पूजा करतेय? घारापुरीला नटराजाचे बहुतेक हात गेलेत, पायही गेलेत. लाँचने जाऊन, तिकीट काढून आपण बघतो आणि येताना चणे खातो. मोहेंजोदडोची ती नर्तकी, १९२६ मध्ये सापडलेली, जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची. तीही ह्याच मेणाच्या पद्धतीने ओतलेली आणि तिला पावलं नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिला नेऊन सोडा म्हणावं यमुनेत!

हे सगळं मला काल रात्री अकरा वाजता सुचलं. वन्सं तेव्हा घरी पोचून झोपल्याही असतील.

आज दुपारी घोडेस्वार आणि हाताचा तुकडा पिशवीत घालून तांबट आळीत गेले. वन्सं म्हणाल्या म्हणून नाही. (म्हणजे, म्हणाल्या म्हणूनच.) त्या गृहस्थांनी तो उलटा-सुलटा केला, अंगठ्याने घोड्याचं पोट चाचपलं आणि विचारलं, "देव आहे का शोपीस?"

"का हो?"

"देव असेल तर डाख मागून देतो, जोड दिसायला नको. शोपीस असेल तर पुढून देतो, पैसे कमी पडतील."

मी गप्पच. देव नाही. आणि ताजमहालाच्या पंगतीत बसवून शोपीस म्हणायला तर अजिबात मन होईना. मागे गिऱ्हाईक उभं, त्याच्या हातात बंबाची नळी. शेवटी "राहू दे, तसाच बरा आहे" म्हणाले. त्यांनी काही न बोलता परत दिला. निघताना मात्र म्हणाले, "काम चांगलंय हां." बस, एवढ्यावर मी तुळशीबागेपर्यंत चालत गेले आणि पाव किलो चिवडा घेतला.

चालताना सासवणे आठवलं. मांडव्याला उतरून अलिबागच्या रस्त्यावर. तिथे करमरकरांचं राहतं घर आहे, आता संग्रहालय झालंय. पुण्यातला अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा १९२८ साली घडवला, तेच करमरकर. आणि स्वतःच्या अंगणात काय, तर सिमेंटची म्हैस, खऱ्या म्हशीएवढी. खोल्यांतून जिकडेतिकडे माणसं, कुणी कुणाकडे बघत नाही. हे त्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. मी म्हणाले होते, चला, लाँच चुकेल.

त्या घरात कुणी पाहुणी येऊन म्हशीबद्दल काही बोलली असेल का? बोलली असणारच. कुणाची ना कुणाची वन्सं असतेच.

आणि खरं सांगायचं तर आल्या दिवशी वन्संनीच त्याच्यावरची धूळ पदराने पुसली होती. तेव्हाच त्यांना हात दिसला असणार. दोन दिवस बोलल्या नाहीत, निघायच्या दिवशी बोलल्या. त्यांचाही भाऊच होता. हे मला चिवडा खाताना सुचलं आणि जरा चुकचुकलं, पण राग पूर्ण गेला असं नाही.

संध्याकाळी फोन आला. पोचल्याचा नव्हता, तो कालच केला होता. म्हणाल्या, "पितळी कासव पाठवतेय तुला. काचेच्या वाटीत पाणी घालून उत्तरेला ठेव. त्या घोड्याचं काय ते तुझं तू बघ."

"ठेवते हं, वन्सं."

मोबाइलवर होकायंत्र लावून बघितलं. ह्या घराच्या उत्तरेला वॉशिंग मशीन येतं.