तुम्ही विचारलंत म्हणून: गेलेल्यांची खाती

"सर, हा माणूस कंपनीत नाहीच, मग याचं खातं अजून कसं काय?" ऑडिटवाले हे दर वर्षी विचारतात, एचआरमधली नवी मुलगी दर तीन महिन्यांनी विचारते. कंपनीचं आयटी मी सांभाळतो, आणि मागच्या महिन्यात तर माझ्याच हाताखालच्या पोराने विचारलं. राइट क्लिक करून डिलीट, एवढंच तर काम आहे, असं त्याचं म्हणणं. मी प्रत्येक वेळी "पॉलिसी आहे" म्हणून वेळ मारून नेतो. ती पॉलिसी मीच लिहिलेली आहे. का लिहिली, ते एकदा सांगून टाकतो.

विचारणाऱ्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. २०२१च्या मे महिन्यात अमेरिकेतली इंधनाची कोलोनियल पाइपलाइन काही दिवस बंद पडली. हल्लेखोर शिरले होते ते बाहेरून कंपनीच्या नेटवर्कला जोडणाऱ्या, वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून. पासवर्ड फुटलेला होता आणि ओटीपीसारखी दुसरी पडताळणी नव्हतीच. तेव्हा बेवारस खात्याची भीती मलाही आहे. पण आमच्याकडे माणूस गेला की त्याच दिवशी त्याचं खातं डिसेबल होतं, पासवर्ड बदलला जातो, कोणकोणत्या ग्रुपमध्ये होता ते लिहून घेऊन त्याला तिथून काढलं जातं. त्या खात्यातून कोणीही लॉगिन करू शकत नाही. फक्त ते पुसलेलं नसतं.

पुसण्यावर माझा एवढा राग का, तर त्याला २०१९चा नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, कारण आहे.

आमच्या स्टोअरचे काका. सव्वीस वर्षं नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या त्याच खुर्चीवर. पासवर्ड तीनदा चुकवून आठवड्यातून एकदा तरी लॉक व्हायचे आणि फोन करायचे, "भाऊ, पुन्हा अडकलो ना मी." मे संपता संपता ते गेले, घरीच, झोपेत. सोमवारी ऑडिट होतं. सर्व्हर रूमचा एक एसी बंद पडलेला, आत उभं राहवत नव्हतं, आणि एचआरची मेल आली की खातं बंद करा. मी डिसेबल न करता डिलीट केलं. घाई होती हे खरं आहे, पण यादी स्वच्छ दिसावी हेही मनात होतं.

तिसऱ्या रात्री साठ्याचा रिपोर्ट निघाला नाही. सकाळी गेटवर ट्रक उभे. शोधलं तेव्हा कळलं, रात्री दोनला आपोआप चालणारं ते टास्क काकांच्या खात्यावर लावलेलं होतं. लावणारा मीच. चार वर्षांपूर्वी "आजच्यापुरतं चालू दे, उद्या अशा कामांसाठीचं वेगळं सर्व्हिस अकाउंट बनवतो" म्हणालो होतो. तो उद्या उजाडला नव्हता.

त्याच नावाचं नवीन खातं बनवलं. उपयोग झाला नाही. खात्यांची यादी सांभाळणाऱ्या विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीला नावाशी देणंघेणं नसतं. ती प्रत्येक खात्याला एक एसआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, देते, आणि पुसलेल्या खात्याचा एसआयडी नव्याला मिळत नाही. फोल्डरच्या परवानग्यांमध्ये जिथे काकांचं नाव दिसायचं, तिथे आता एस-१-५-२१ने सुरू होणारा लांबलचक आकडा होता. एक सहकारी म्हणाला, सर्व्हर व्हर्च्युअल आहे, खातं पुसण्याआधीचा स्नॅपशॉट लाव, सर्व्हर तेव्हा होता तसा होईल. पण ही यादी ठेवणारे आमचे सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, दोन. एकाला मागे नेलं तरी दुसरा त्याला सांगणार की हे खातं पुसलं गेलंय, आणि ते पुन्हा पुसलं जाणार. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा रिसायकल बिन आधीच सुरू केलेला असता तर सगळं जसंच्या तसं परत आलं असतं. तो आपणहून सुरू नसतो, आणि मी कधी सुरू केला नव्हता. दोन दिवस बसून परवानग्या हाताने लावल्या, टास्कला नवं खातं दिलं. ट्रक सुटले, विषय मिटला.

मिटला नव्हता. खातं पुसल्याने काकांची मेलबॉक्सही बेवारस झाली होती. आमची मेल सांभाळणारा एक्स्चेंज सर्व्हर अशी मेलबॉक्स ३० दिवस धरून ठेवतो. तेवढ्यात ती नव्या खात्याला जोडता येते. पाच मिनिटांचं काम होतं आणि ते मला येत होतं. कोणी मागितलं नाही, म्हणून मी केलं नाही.

सव्वा महिन्याने, पहिल्या पावसात, काकांची मुलगी वर्ध्याहून आली. विम्याचे कागद काकांनी ऑफिसच्या मेलवर मागवले होते, पॉलिसी नंबर घरात कोणालाच माहीत नव्हता. "दादा, फक्त एकदा उघडून द्या, मी इथेच बसून बघते." मी तिच्यासमोर बॅकअप शोधल्यासारखं केलं. डिस्क पुरत नाही म्हणून आमचा मेलचा बॅकअप चौदा दिवसांचाच होता, हे मला शोधण्याआधीच ठाऊक होतं. तरी अर्धा तास स्क्रीनकडे बघत बसलो. मग "सिस्टीममधून गेलंय" म्हणालो. कोणी घालवलं, ते बोललो नाही. तिने आभार मानले आणि गेली.

तेव्हाचा मी आजही माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, मेल कंपनीची होती, आणि माणूस गेल्यावर त्याचं टपाल मुलीने वाचावं की नाही हे तू कोण ठरवणार? त्यात तिने बघू नये असंही काही असेल. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात आपल्या माघारी आपले हक्क बजावायला कोणाला तरी नेमून ठेवायची सोय आहे, पण काकांनी कोणाला नेमलं असतं, हे मी कुठून सांगू? मी त्याला एवढंच म्हणतो की ठेवलं असतं तर विचार करायला वेळ मिळाला असता.

आता मेल क्लाउडवर आहे. तिथेही पुसलेलं खातं ३० दिवसच परत आणता येतं. आकडा बघितला की पोटात खड्डा पडतो.

एचआरचं म्हणणं आहे, एका वर्षाची मुदत घाला. कदाचित घालावी. कागद माझ्या टेबलावर आहे, सही झालेली नाही. डिसेबल खात्यांच्या यादीत काकांचंही नाव आहे, मी नंतर बनवलेलं तेच खातं. त्याच्यावर आता एकही टास्क चालत नाही, आत एकही मेल नाही. ऑडिटच्या फॉर्मवर त्याच्यासमोर "ठेवण्याचे कारण" असा रकाना आहे. यंदाही तो भरायचा राहिलाय.