ओईटीची तयारी आणि विशेषणाआधीचे छोटे शब्द

ओईटीच्या तयारीत काळ आणि प्रयोग लवकर आटोपले. वेळ खाल्ला तो विशेषणाआधी येणाऱ्या छोट्या शब्दांनी.

ओईटी ही आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायला चालते. बोलण्याच्या भागात दोन रोल-प्ले असतात. आपण नर्स, समोरचा रुग्ण नाहीतर नातेवाईक. तिथे 'किती' हा प्रश्न पावलोपावली येतो. किती दुखतंय, सूज किती, बाई किती घाबरल्यात.

वहीत मी विशेषणांचे दोन गट केले. कोल्ड, टायर्ड, पेनफुल ही कमी-जास्त होणारी. त्यांना स्लाइटली, फेअरली, व्हेरी, एक्स्ट्रीमली सगळं चालतं. फ्रीझिंग, एक्झॉस्टेड यांनी टोक आधीच गाठलेलं असतं, तिथे व्हेरी बसत नाही, ॲब्सोल्यूटली लागतं. रिअली मात्र दोन्हीकडे चालतं, त्यामुळे बोलताना अडलं की तेच वापरायचं ठरवलं. तुलना आली की 'मच बेटर'. इनफ विशेषणाच्या मागून: 'वॉर्म इनफ'.

सगळ्यात महत्त्वाचा मला 'टू' वाटतो. 'द बँडेज इज व्हेरी टाइट' म्हणजे पट्टी खूप घट्ट आहे, एवढंच. 'टू टाइट' म्हटलं की ती नको इतकी घट्ट झालीये, सैल करायला हवी. रुग्ण यातलं काय म्हणाला, ते नीट ऐकायलाच हवं.

'क्वाइट'चं वेगळंच. ब्रिटिश बोलण्यात 'क्वाइट गुड' म्हणजे बऱ्यापैकी, पण 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे साफ अशक्य. आणि 'अ बिट' बहुतेक वेळा नकोशा गोष्टीलाच जोडतात: 'अ बिट सोअर', 'अ बिट डिझी'.

सराव ड्युटीवरच केला. ड्युटी संपताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती, म्हणजे हँडओव्हर, मराठीत दिला की तोच मनात इंग्रजीत म्हणायचा. पेशंट जरा अस्वस्थ आहे, जखम कोरडी आहे, कडेला किंचित लाली आहे. 'शी इज अ बिट रेस्टलेस. द वूंड इज ड्राय, बट द एजेस आर स्लाइटली रेड.' मग स्लाइटलीच्या जागी व्हेरी घालून बघायचं. तेवढ्यानं डॉक्टरांना लगेच फोन करायची वेळ येते! असं रोज केल्यावर वही उघडायची गरज फारशी पडेना.

बोलण्यात नोंदणीला लागणारी बी ग्रेड मिळाली. लेखनातल्या पत्रात मात्र हे शब्द मी मोजकेच ठेवले. केस नोट्समध्ये तापाचा आकडा दिलेला असेल तर 'व्हेरी हाय' न म्हणता तो आकडाच लिहिला.