वकील नेमका कोणाचा?

पुण्यात मिळकतीच्या व्यवहारांची वकिली करताना माझा अनुभव असा आहे की, पुनर्विक्रीतली सदनिका घेणारी बहुतेक कुटुंबे घर पसंत करून, किंमत ठरवून, विसार देऊन आणि कर्ज मंजूर करून घेऊन झाल्यावरच वकिलाचा विचार करतात. तोपर्यंत एजंटाने बहुधा वकीलही सुचवलेला असतो, आणि मसुदा, सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या दस्तांच्या शोधाचा अहवाल) व नोंदणी अशी सगळी कामे एकाच रकमेत होणार म्हणून खरेदीदार निश्चिंत झालेला असतो. हा वकील नेमका कोणासाठी काम करतो आहे, हा प्रश्न त्या गडबडीत कोणी विचारत नाही. तो न विचारल्यामुळे काय होऊ शकले असते, हे मी एका प्रकरणात फार जवळून पाहिले. त्यातल्या पक्षकारांची ओळख पटू नये इतपत तपशील गाळून मी तो प्रसंग येथे मांडते आहे.

एका शिक्षिकेचा आणि त्यांच्या पतीचा तो व्यवहार होता. सदनिकेची किंमत ६४ लाख ठरली होती, विसार पावती झाली होती, दुसऱ्या दिवशी सकाळची दुय्यम निबंधक कार्यालयातली वेळ घेतलेली होती आणि मुद्रांक शुल्काचे चलन त्याच संध्याकाळी भरायचे होते. पुण्यात हे शुल्क किमतीच्या सहा ते सात टक्क्यांच्या घरात जाते, म्हणजे ही काही किरकोळ रक्कम नव्हे. बाईंच्या एका सहकाऱ्यांनी आग्रह धरला म्हणून दोघे माझ्याकडे आले होते. "मॅडम, रिपोर्ट क्लिअर आहे, बँकेच्या वकिलांचाही ओके आला आहे. तुम्ही फक्त ॲग्रीमेंटवर एकदा नजर टाका," असे म्हणून त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवले.

रिपोर्ट दोन पानांचा होता. पाहिलेल्या दस्तांची यादी, तीस वर्षांचा शोध घेतल्याचा उल्लेख, आणि शेवटी मिळकत निर्वेध, बोजारहित व विक्रीयोग्य असल्याचा नेहमीचा निर्वाळा. यादीत एक नोंदणीकृत हक्कसोडपत्र होते. त्याचा दस्त क्रमांक होता, तारीख होती. मात्र ते कोणी कोणाच्या लाभात लिहून दिले, त्यात किती जणांच्या सह्या होत्या, याबद्दल चकार शब्द नव्हता. सूची क्रमांक दोनचा, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या दस्ताच्या गोषवाऱ्याचा, उतारा पाहून क्रमांक उतरवून घेतला की अशी नोंद तयार होते. दस्त वाचलेला असेल तर त्यातली माणसे रिपोर्टात उतरतात. मी हक्कसोडपत्राची प्रत मागितली. ती दोघांकडे नव्हती. बाईंनी माझ्यासमोरच एजंटाला फोन लावला, तेव्हा त्याने विचारले की, शेअर सर्टिफिकेट विक्रेत्याच्या नावावर असताना हक्कसोडपत्र कशाला लागते.

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्याबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. ती सदनिका मूळची विक्रेत्याच्या वडिलांची, त्यांच्या स्वतःच्या कमाईतून घेतलेली. वडिलांनी सोसायटीत थोरल्या मुलाचे नामनिर्देशन केले होते आणि ते मृत्युपत्र न करता वारले. सोसायटीने नियमाप्रमाणे भागप्रमाणपत्र, म्हणजेच शेअर सर्टिफिकेट, थोरल्याच्या नावे केले. परंतु नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे सभासदत्व होणे ही सोसायटीच्या दप्तरापुरती सोय असते. मालकी वारसा कायद्याप्रमाणेच जाते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सहकारी सोसायटीच्याच एका प्रकरणात वारसांचा हक्क यामुळे बाधित होत नसल्याचे स्पष्ट केलेले आहे. म्हणून इतर वारसांनी आपला हक्क नोंदणीकृत दस्ताने सोडला की नाही, आणि सोडला असल्यास तो कायदेशीररीत्या सोडला की नाही, यावर सगळा व्यवहार उभा होता.

विक्रेते सरळ गृहस्थ होते. निरोप जाताच दुपारी मूळ कागदांची फाईल घेऊन ते स्वतः माझ्या कार्यालयात आले. हक्कसोडपत्राच्या दुसऱ्या पानावर लिहून देणाऱ्यांची नावे होती. आई, बहीण, आणि तिसऱ्या क्रमांकावर वहिनी, म्हणजे वडिलांच्या आधीच वारलेल्या धाकट्या भावाची पत्नी. तिच्या नावापुढे बारीक अक्षरांत लिहिले होते, "स्वतःकरिता व अ.पा.क. म्हणून". अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, मुलीची पालनकर्ती या नात्याने तिने तिची सहीही केली होती. दस्त झाला तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती आणि आता तेरा वर्षांची होती. मी सगळी पाने शेवटपर्यंत वाचली, जोडपत्रे पाहिली. न्यायालयाच्या परवानगीचा कोठेही उल्लेख नव्हता, आणि विचारल्यावर अशी परवानगी घेतलीच नव्हती, असे विक्रेत्यांनी मोकळेपणाने सांगितले.

हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, थोरला मुलगा, मुलगी आणि वारलेल्या मुलाची शाखा असे चार समान वाटे होतात, आणि त्या शाखेतल्या पाव वाट्यात वहिनी व तिची मुलगी समान भागीदार असतात. म्हणजे त्या मुलीचा हिस्सा एक अष्टमांश, ठरलेल्या किमतीत आठ लाख रुपये. मिळकत आजोबांची स्वकष्टार्जित असल्यामुळे हा हिस्सा तिचा स्वतंत्र हिस्सा होता. न्यायालयाच्या परवानगीच्या अटीला एकत्र कुटुंबाच्या अविभक्त मिळकतीपुरता जो अपवाद आहे, तो येथे उपयोगी नव्हता. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय नैसर्गिक पालकालाही हस्तांतरित करता येत नाही. केल्यास ते हस्तांतर अज्ञानाच्या इच्छेनुसार रद्द होण्यास पात्र ठरते, आणि असा दावा आणण्यासाठी मुदतीच्या कायद्याने तिला सज्ञान झाल्यापासून तीन वर्षे दिलेली आहेत. याचा अर्थ, ही मुलगी एकवीस वर्षांची होईपर्यंत, म्हणजे पुढची आठ वर्षे, त्या घराच्या मालकीवर टांगती तलवार राहणार होती.

विक्रेत्यांना हे ऐकून खरोखर धक्का बसला. "वहिनी आमच्याच घरात राहते. आमच्यात असे कधी होणार नाही," ते म्हणाले. त्यांच्या शब्दावर माझा विश्वास बसला आणि तसे मी त्यांना सांगितलेही. मात्र एका कुटुंबाचा आयुष्यभराचा पैसा दुसऱ्या कुटुंबातल्या सलोख्यावर अवलंबून ठेवावा, असा सल्ला कोणताही वकील देऊ शकत नाही. शिवाय, मुलीने कधी दावा केला नाही तरी पुढे हे घर विकायची वेळ आली की त्या वेळच्या खरेदीदाराचा वकील हेच पान उघडणार होता.

तोवर एजंटही येऊन पोहोचला. क्षतिपूर्ती बंधपत्र घ्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या आणि उद्याचा दस्त करून टाका, असा त्याचा आग्रह होता. क्षतिपूर्ती बंधपत्राने नुकसान झाल्यावर विक्रेत्याकडे पैसे मागण्याचा हक्क मिळतो, घर वाचत नाही. जाहीर नोटिशीला हरकत आली नाही म्हणून तेरा वर्षांच्या मुलीने आपला हक्क सोडला, असेही होत नाही. उद्याच्या नोंदणीचे म्हणाल, तर दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. नोंदणी झाली म्हणून सदोष मालकी निर्दोष ठरत नाही. हे सगळे मी त्या चौघांसमोर एकेक करून सांगितले. शिक्षिका बाई एक अक्षरही न बोलता ऐकत होत्या. मग त्यांनी विचारले, "मॅडम, मग आधीच्या वकिलांनी हे का सांगितले नाही?"

त्या वकिलांना मी फोन केला होता. त्यांनी काही लपवले नाही. त्या एजंटाच्या कार्यालयाची कामे त्यांच्याकडे नियमित येतात, ठरलेल्या रकमेत सूचीचा शोध आणि मसुदा एवढेच अपेक्षित असते, आणि दस्त झाल्यावर रक्कम मिळते, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या सचोटीबद्दल मला शंका घ्यायची नाही. पण दस्त झाला तरच ज्याला पैसे मिळतात आणि ज्याची पुढची कामे तो दस्त घडवून आणणाऱ्याच्याच हातात आहेत, त्याने नको तो कागद मागावा, नको तो प्रश्न विचारावा आणि उद्याची नोंदणी थांबवा असे म्हणावे, ही अपेक्षा त्या रचनेतच बसत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकिलाने दोन्ही बाजूंशी असलेला आपला संबंध पक्षकाराला आधीच स्पष्टपणे सांगायचा असतो. या दांपत्याला ते कोणी सांगितले नव्हते, आणि आपण विचारायचे असते हेही त्यांना ठाऊक नव्हते.

बँकेच्या पॅनेलवरील वकिलांच्या अहवालाचीही गोष्ट वेगळी नाही. त्याचे शुल्क बहुतेक वेळा कर्जदारच भरतो, पण तो अहवाल बँकेसाठी असतो आणि अनेकदा कर्जदाराच्या हाती पडतही नाही. बँकेकडे घराशिवाय कर्जदाराचा पगार आणि त्याची वैयक्तिक जबाबदारी हीदेखील तारणासारखीच असते. मालकीत दोष निघाला तरी हप्ते थांबत नाहीत. त्यामुळे बँकेचा होकार खरेदीदाराने आपला होकार समजू नये, असे मी प्रत्येक पक्षकाराला सांगते.

वकिलांना जाहिरात करता येत नाही, म्हणून लोक ओळखीवर आणि एजंटाच्या शब्दावर विसंबतात, हे मला समजते. काहींना वाटते, मोठ्या व्यवहाराला 'सॉलिसिटर'च हवा. मुंबईत बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा देऊन ती पदवी मिळवणारे आहेत आणि त्यांचे काम नावाजलेले असते, पण सदनिकेचा मालकी शोध कोणताही अनुभवी दिवाणी वकील करू शकतो. पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा तो कसा वाचतो हे महत्त्वाचे. पहिल्या भेटीत तुमच्या वकिलाने मूळ मालक हयात आहेत का, वारस किती, कोणी अज्ञान किंवा परदेशी आहे का, कुलमुखत्यारपत्र वापरले आहे का, हे विचारले नाही, तर तो कागदांच्या क्रमांकांवरच थांबणार आहे. त्याची फी व्यवहार मोडला तरी द्यायची आहे का, हे आधी ठरवा, आणि ती तशीच असू द्या. अहवाल तुमच्या नावे, त्याच्या सहीने, वाचलेल्या प्रत्येक दस्ताच्या सारांशासह मागा. एवढे मागितल्यावर जो त्रासिक होतो, त्याच्याकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या संध्याकाळी चलन भरले गेले नाही. विसार पावतीला पुरवणी करून मुदत वाढवून घेतली, आणि न्यायालयाची परवानगी न मिळाल्यास विसार पूर्ण परत करण्याची अट त्यात घातली. एजंट नाराज होऊन गेला. विक्रेते मात्र थांबले आणि दुसऱ्याच आठवड्यात वहिनींना घेऊन आले. वहिनींना आपल्या मुलीचा वेगळा हिस्सा आहे, हे तोपर्यंत कोणीच समजावून सांगितले नव्हते. 'घरातलेच आहे' म्हणून त्यांनी सही केली होती. त्यांच्यासाठी स्वतंत्र वकील नेमायला मी सांगितले, कारण खरेदीदारांची वकील म्हणून त्यांचे काम मला करता येत नव्हते. त्यांनी न्यायालयात अर्ज केला. अशी परवानगी अज्ञानाची गरज किंवा उघड हित असल्याखेरीज मिळत नाही, म्हणून मुलीच्या हिश्शाचे आठ लाख ती सज्ञान होईपर्यंत तिच्या नावे मुदत ठेवीत ठेवण्याची तयारी अर्जात लिहून दिली होती.

आदेश यायला काही महिने लागले. या काळात दांपत्याला भाड्याच्या घराचा करार वाढवावा लागला, आणि कर्जाच्या मंजुरीची मुदत संपल्याने ती बँकेकडून नव्याने घ्यावी लागली. खरेदीखतात वहिनी मुलीची पालनकर्ती म्हणून सहविक्रेत्या झाल्या आणि न्यायालयाचा आदेश दस्ताला जोडला गेला. नोंदणीपूर्वी ठेवीची पावती मी स्वतः तपासली. त्यावर मुलीचे नाव बरोबर होते. बँकेच्या वकिलांच्या नव्या अहवालात हक्कसोडपत्राखाली आता त्या आदेशाची तारीखही नोंदवलेली आहे.