काढून टाकायचं की दुरुस्त करायचं?

नांदेडला, परभणीला इंजिनिअरिंगच्या मुलांशी बोलायला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. मी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, काम करतो हे कळलेलं असतं, मग कुणीतरी विचारतं, ‘‘सर, नव्या बदलामुळं जुनं चालणारं काही बंद पडलं, तर तो बदल तुम्ही काढून टाकता की दुरुस्त करता? ठरवता कशावरून?’’ उभ्या उभ्या हे नीट सांगता येत नाही. म्हणून इथं लिहितोय.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. कारण पक्कं कळलेलं नसेल, किंवा कळूनही दुरुस्तीची खात्री नसेल, तर बदल काढून टाकायचा. तो कितीही चांगला असो, कुणीही लिहिलेला असो.

एखादं यंत्र लिनक्सवर कधी चाललंच नाही, तर तो साधा दोष. त्याला वेळ लागला तरी चालतो. पण कालच्या कर्नलवर चालणारं आजच्या कर्नलवर बंद पडलं, तर ते रिग्रेशन. त्या माणसानं अपडेट करण्यापलीकडं काहीच केलेलं नसतं. म्हणून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी वर्षानुवर्षं एक नियम लावून धरलाय: कर्नलच्या बदलानं लोकांचे प्रोग्रॅम मोडले, तर दोष कर्नलचा. प्रोग्रॅम चुकीचा लिहिला होता, असं म्हणून हात झटकायचे नाहीत.

आपल्याकडं वहिवाटीच्या रस्त्याचं असंच असतं. रस्ता नकाशावर असो-नसो, वर्षानुवर्षं बैलगाड्या, ट्रॅक्टर तिथून जात असतील तर नांगर घालून तो बंद करता येत नाही. 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदार अडवलेला रस्ता मोकळा करून देतो. जमिनीच्या मालकीचा वाद त्यानंतर दिवाणी कोर्टात चालत राहिला तरी चालतो. कर्नलमध्येही कागदावर न लिहिलेल्या वागणुकीवर लोक विसंबलेले असतात, आणि आम्ही त्यांचा रस्ता आधी मोकळा करतो.

माझा मामेभाऊ मानवतजवळच्या एका गावात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र चालवतो. जुना लॅपटॉप, त्यावर मीच टाकून दिलेलं लिनक्स आणि यूएसबीचा वायफाय डोंगल. पीकविम्याच्या गर्दीत एका सकाळी त्याचा फोन आला, ‘‘दादा, कालपस्तोर चालत होतं की, आज कामून बंद पडलं? बाहेर माणसं उभी हायेत.’’ त्याला लॅपटॉप सुरू होताना दिसणाऱ्या बूट मेन्यूतून आधीचा कर्नल निवडायला सांगितलं आणि डोंगल चालू झाला. त्याचं काम भागलं. बिघाड कर्नलमध्येच आहे, हेही तिथंच कळलं.

मग गुन्हेगार बदल शोधायचा. कर्नलच्या दोन मोठ्या आवृत्त्यांमध्ये दहा हजारांहून जास्त बदल असतात. गिट बायसेक्ट हे शोधायचं साधन चांगली आणि वाईट आवृत्ती विचारून घेतं आणि मधोमधचा कर्नल तपासायला देतं. दर वेळी उरलेले निम्मे बाद होतात, म्हणून साधारण 14 फेऱ्यांत एकच बदल हाती लागतो. जुन्या लॅपटॉपवर कर्नल कंपाईल करत, म्हणजे कोडपासून बांधत, बसलं तर दिवस जातो, त्यात वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी त्या लॅपटॉपवर लोड झालेल्या मॉड्यूलची, म्हणजे कर्नलच्या सुट्या भागांची, यादी मागवून घेतो, लोकलमॉडकॉन्फिग ही सोय वापरून तेवढाच कर्नल माझ्या मशीनवर बांधतो आणि तपासायला पाठवतो. सापडलेला बदल ताज्या कर्नलवरून काढून पाहायचा आणि यंत्र खरंच चालतं का बघायचं. ही शेवटची पायरी पुष्कळ जण गाळतात. ती गाळू नका.

तो बदल वीज वाचवणारा होता. रिकामं बसलेलं यूएसबी उपकरण झोपवायचं, काम आलं की उठवायचं. या डोंगलचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्रॅम, झोपायचं ते उठायचंच नाही. कर्नलमध्ये अशा अडेल उपकरणांची अपवादांची यादी असते. त्यात ओळख क्रमांकाची एक ओळ घातली असती तर भावाचा डोंगल सुटला असता. पण दुसऱ्या बनावटीच्या डोंगलबद्दलही तशाच तक्रारी येत होत्या. मग यादीत कोण कोण घालणार? तक्रार करायला ज्यांना जमतच नाही, त्यांचं काय? मी बदल काढून टाका म्हणालो. लिहिणाऱ्याचं म्हणणं होतं की त्याचा कोड बरोबर आहे, चूक फर्मवेअरची आहे. तो खरंच बरोबर होता. तरी बदल काढला गेला, आणि पुढं परत आला तो वापरणाऱ्यानं मागितला तरच चालू होणारा.

कोड बरोबर असूनही काढायचा, हे मुलांना पटत नाही. त्यांना मी 2019 चं उदाहरण देतो. डिस्कवर फाइली ठेवणाऱ्या एक्सटी4 या फाइलसिस्टिममध्ये सुधारणा झाली आणि बूट होताना डिस्कवरचं वाचन कमी झालं. पण डिस्कच्या त्या हालचालींमधूनच कर्नल यादृच्छिक, म्हणजे आधी ओळखता न येणाऱ्या, आकड्यांसाठी अनिश्चितता गोळा करत असे. हालचाल घटली, तशी असे आकडे मागून गेटरँडमवर थांबलेली काही मशीनं बूट होतानाच अडकली. एक्सटी4 मध्ये चूक काहीच नव्हती. तरी कर्नलच्या 5.3 आवृत्तीच्या तोंडावर टोरवाल्ड्स यांनी तो बदल मागं घेतला. पुढच्या 5.4 मध्ये अनिश्चितता गोळा करायची दुसरी सोय केली आणि तीच सुधारणा पुन्हा आत घेतली. काढलं म्हणजे कायमचं फेकलं, असं नसतं.

वेळही पाहावी लागते. नवे बदल आत घ्यायची मर्ज विंडो दोन आठवड्यांची, मग दर आठवड्याला एक आरसी, म्हणजे चाचणीची आवृत्ती. आरसी2 ला बिघाड सापडला तर दुरुस्तीचे प्रयोग करायला जागा असते. आरसी7 ला कुणी घाईनं लिहिलेली शंभर ओळींची दुरुस्ती आणली तर मी ती घेऊ नका म्हणतो. तिच्यात नवं काय मोडलंय ते तपासायला दिवसच उरलेले नसतात. बदल सुरक्षेचं भोक बुजवणारा असेल तर मात्र काढता येत नाही, तिथं दुरुस्तीच करावी लागते. त्यावर पुढचे दहा बदल उभे राहिले असतील तरीही तेच.

सगळ्यात अवघड म्हणजे उशिरा सापडलेलं रिग्रेशन. बदल होऊन तीन-चार वर्षं झालेली असतात, मधल्या काळात दुसरे लोक नव्या वागणुकीवर विसंबलेले असतात. आता मागं फिरलं तर त्यांचं मोडतं. म्हणजे काढून टाकणं हेच नवं रिग्रेशन ठरतं. अशा वेळी जुन्या तक्रारदाराला आणि नव्या वापरणाऱ्याला मी एकच पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, पाठवतो, आणि दोघांचीही मशीनं चालली तरच तो पुढं सरकवतो.