तुम्ही विचारलंत म्हणून: "पुरुषांची टीम कधी घेणार?"

सोसायटीतले काका, मैदानावरचे जुने प्लेअर, लग्नात भेटलेले लांबचे नातेवाईक, सगळे हेच विचारतात. पोरींची फुटबॉल टीम किती दिवस सांभाळणार सर, आता पुरुषांची कधी? क्लार्कचा हेडक्लार्क कधी होणार, त्याच चालीवर. मी दोन्ही टीमचं कोचिंग घेतो सांगितलं तरी "हो, पण मेन कुठली?" हे येतंच.

तर सांगतो. यात प्रमोशन वगैरे काही नाहीये. कोचिंगचं लायसन्स एकच, त्याच्या पायऱ्या डी, सी, बी, ए, प्रो, त्यावर पुरुष की बायका असं काही छापलेलं नसतं. बॉल तोच पाच नंबरचा, गोलपोस्ट तेवढाच, हाफ ४५ मिनिटांचाच. पगार तेवढा वेगळा, आणि लोक त्यावरूनच लहानमोठं ठरवतात.

जॉन हर्डमन बघा. आधी न्यूझीलंडच्या मुली, मग कॅनडाच्या, २०१२ आणि २०१६ ला ऑलिम्पिक ब्राँझ. २०१८ मध्ये त्याला कॅनडाची पुरुषांची टीम दिली आणि ती टीम ३६ वर्षांनी वर्ल्ड कपला गेली, २०२२ ला कतारला. तिथे तिन्ही मॅच हरले ते सोडा, पण बायकांची आणि पुरुषांची दोन्ही टीम वर्ल्ड कपला नेणारा पहिला कोच तोच. किंवा हाँगकाँगची चॅन युएन-टिंग, २०१६ ला पुरुषांच्या ईस्टर्न क्लबला तिने लीग जिंकून दिली, तेव्हा तिशीचीसुद्धा नव्हती.

आणि पोरींची टीम सोपी असं कोणाला वाटत असेल तर आपल्या नवी मुंबईतलंच आठवा. जानेवारी २०२२, डी. वाय. पाटील, महिलांचा एशियन कप. आपला कोच थॉमस डेनरबी, म्हणजे २०११ च्या वर्ल्ड कपात स्वीडनला तिसरं आणलेला माणूस. इराणशी ०-० झालं, पुढच्या मॅचआधी कोविडमुळे कॅम्पमध्ये खेळायला लागतात त्या १३ प्लेअरसुद्धा उरल्या नाहीत, आणि स्वतःच्या घरची टूर्नामेंट तिथेच संपली. कर आता कोचिंग.

आमच्याकडे एवढं मोठं काही नसतं, आमच्याकडे स्लॉट असतो. टर्फवाला, म्हणजे नकली गवताचं मैदान तासावर भाड्याने देणारा, संध्याकाळी सातचा स्लॉट पुरुषांना देतो आणि पोरींना नऊचा, मग विरारला जाणारी पोर घरी पोचणार कधी, साडेनऊलाच आईचा फोन, "सर, निघाली का ती?" म्हणून मी पोरींना दुपारी चारला बोलावतो, मे महिन्यात चारला टर्फवर उभं राहून बघा एकदा. चेंजिंग रूम एकच, ती पण पुरुषांची. किट पुरुषांच्या मापाचं. माझा अर्धा वेळ यातच जातो आणि हे कुठल्याच लायसन्स कोर्समध्ये शिकवत नाहीत.

खेळाच्या बाजूने खरा फरक म्हणाल तर गुडघा. मुलींमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतली लिगामेंट, तुटायचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त, त्यामुळे वॉर्मअपमध्ये उडी मारून नीट लँड होणं, बॅलन्स, हॅमस्ट्रिंगचा (मांडीमागच्या स्नायूंचा) व्यायाम, साधारण वीस मिनिटं, कंपल्सरी. तेच मी नंतर पुरुषांना लावलं तर पहिल्यांदा हसले, "सर, आम्ही काय डान्स क्लासला आलोय का?" आता मुकाट्याने करतात, न करणारा बेंचवर बसतो.

तेव्हा पुरुषांची टीम आहेच, ती सोडणार नाही आणि पोरींची तर नाहीच. तुमच्यापैकी कोणाचा बुधवारचा सहाचा स्लॉट सुटणार असेल तर मात्र आधी मला सांगा.