होडीला लागून

लीच लेक, मिनेसोटा. ऑगस्ट, शनिवार रात्र.

दिवसभर ढग, संध्याकाळी दक्षिणेचा वारा. माझी लेक आणि मी कॅबेज वीड या रुंद पानांच्या पाणवनस्पतीच्या पट्ट्याच्या कडेकडेनं होडी वाऱ्यावर सोडून मस्की या मोठ्या शिकारी माशासाठी आमिषं फेकत होतो. ती पुढे, मी मागे. सूर्य झाडांमागे गेला आणि पाणी काळं झालं. आमिषाच्या मागे कुणी येतंय की नाही, हे ध्रुवीकृत चष्म्यातूनही दिसेना. अशा वेळी मी तिला एकच सांगते: दिसो न दिसो, आठ काढायचाच, म्हणजे आमिष होडीला लागून पाण्यात इंग्रजी 8 च्या आकारात फिरवायचंच.

मस्कीच्या नादाला लागलेल्या माणसाला हा इंग्रजी आठचा आकडा अंगवळणी पडावाच लागतो. मस्की पाठलाग करतो, पण लगेच तोंड घालत नाही. त्याचे पाठीवरचे आणि पोटाखालचे पर पार शेपटीजवळ असतात. ते शरीर लांब पोहत राहण्यासाठी नाही, दबा धरून एका झेपेत भक्ष्य गाठण्यासाठी घडलेलं आहे. डोळे कपाळाशी उंच, नजर वर आणि पुढे. तो आमिषाच्या मागे सावकाश होडीपर्यंत येतो, आणि आपण आमिष सरळ वर उचललं की त्याच्या दृष्टीनं भक्ष्य नाहीसं होतं. पण तेच भक्ष्य अचानक वळलं, त्यानं आपली कूस दाखवली, की इतका वेळ नुसता बघणारा मासा झडप घालतो.

म्हणून शेवटच्या दहा-पंधरा फुटांत रीळ भरभर फिरवायचं, लीडर, म्हणजे आमिषाआधीचा दातांना न तुटणारा तुकडा, रॉडच्या टोकापासून फूट-दीड फुटावर आला की थांबायचं, आणि मधे जराही न अडखळता रॉडचं टोक पाण्यात बुडवून वळण घ्यायचं. वळण मोठं हवं. चार फुटांच्या माशाला घागरीच्या तोंडाएवढ्या गोलात वळता येत नाही. त्याला आमिष सापडत नाही आणि तो कंटाळून खाली जातो. सरळ भागात टोक खोल न्यावं, वळणावर थोडं वर आणावं. आम्ही दोघी साडेआठ-नऊ फुटी रॉड वापरतो ते यासाठीच. आखूड रॉडनं एवढं रुंद वळण घेताना कंबर वाकून वाकून मोडते.

आज तिनं दुसरं वळण घेतलं आणि पाणी फुटलं. आधी ना सावली दिसली, ना लाट. "आई, आई गं!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. माझ्याही काळजात धस्स झालं. इतक्या जवळून ते उघडं तोंड आणि पांढरा जबडा बघायची मला इतक्या वर्षांत सवय झालेली नाही, आणि व्हावी असंही वाटत नाही.

त्या क्षणी हात आपोआप वर जातो. अगदी हाच झटका आवरायला शिकावं लागतं. वर ओढलं की आमिष त्याच्या तोंडातून उघड्या बाजूनं सुटून येतं. रॉड पाण्याजवळ ठेवून आडवा ओढायचा, मासा ज्या दिशेला जात असेल त्याच्या उलट, म्हणजे गळ जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. वेणीदार दोरा 80-100 पौंडी असतो, तो फारसा ताणला जात नाही. लांबवर मासा लागला तर सुटलेला दोरा धक्का थोडा तरी पचवतो, होडीपाशी पचवायला फक्त रॉडचा बाक आणि आपले कोपर. काहीजण आठ काढतानाच ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, सैल करतात. मला ते पटत नाही, कारण मग गळ बसायलाच जोर उरत नाही. ड्रॅग घट्ट ठेवावा, आणि मासा होडीखाली घुसला तर रिळाची कळ दाबून अंगठ्याच्या दाबाखाली दोरा सोडावा. तिनं आज नेमकं तेच केलं. रॉडचं टोक पाण्यात खुपसून ती होडीच्या टोकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली, मला काही सांगावं लागलं नाही.

जाळ्यात आला तेव्हा तो अजिबात दमलेला नव्हता. होडीपाशी लागलेल्या माशाची हीच खरी भीती. झुंज आखूड होते, पण सगळी ताकद जाळ्यात उसळते, आणि तोंडात त्रिशूळी गळ लटकत असतात. मी जाळं पाण्यातच धरून ठेवलं. तो शांत होईपर्यंत कुणीही हात घालायचा नाही हा आमचा नियम आहे. एक गळ खोल होता, तो कटरनं सरळ कापला. दोन डॉलरच्या गळासाठी मासा ताटकळत ठेवू नये. मग चिमट्यानं उरलेलं काढलं. पाण्यातच मोजला, 45 इंच. मादीच असणार, एवढे वाढलेले बहुतेक माद्याच असतात. पाणी आज 74 अंश फॅरनहाइट होतं. 80 च्या जवळ गेलं की आम्ही मस्कीच्या वाटेला जात नाही, कारण मग सोडलेला मासाही वाचेलच असं नाही. लेकीनं शेपटीचा बुंधा धरून तिला सरळ उभी ठेवली. थोड्याच वेळात त्या मादीनं स्वतःच झटका देऊन हात सोडवला.

याच तलावावर 1955 च्या जुलैमध्ये उष्ण, निवांत हवेत मस्की अक्षरशः पिसाळल्यासारखे आमिषांवर तुटून पडले होते. तेव्हाच्या फोटोंत ते मेलेले, ओळीनं टांगलेले दिसतात. तेव्हाची रीतच तशी होती, त्या लोकांना मी दोष देत नाही. आता मिनेसोटात बहुतेक ठिकाणी 54 इंचांखालचा मस्की ठेवताच येत नाही, आणि त्यावरचाही जवळजवळ सगळेच सोडून देतात. तो बदल झाला नसता तर आज माझ्या मुलीच्या रॉडखाली ही मादी आली असती का, हा विचार परतताना सारखा डोक्यात होता.

लीडरवर दातांचा चरा पडलाय, तो बदलला. कापलेल्या गळाच्या जागी नवा बसवला. उद्या पहाटे पुन्हा त्याच पट्ट्यावर, यावेळी वाऱ्याच्या उलट बाजूनं. "उद्या पुढे उभं राहायची पाळी तुझी," असं तिनं झोपायच्या आधी मला दोनदा बजावलंय.