मॅजिकला साइडवाइंडर म्हणे!

मिराज २००० या लढाऊ विमानाचं १/७२ मापाचं (खऱ्याच्या ७२ पट लहान) मॉडेल किट आज जोडता जोडता क्षेपणास्त्रांपर्यंत आलं. विमान झकास, पण सूचनापत्रकात पंखाखालच्या क्षेपणास्त्राचं नाव चक्क 'साइडवाइंडर', म्हणजे अमेरिकी क्षेपणास्त्र! तुकडा मात्र अस्सल फ्रेंच मॅजिक. पुढच्या बाजूला छोट्या पंखांचे एकामागे एक दोन संच, पहिला स्थिर, दुसरा फिरणारा. साइडवाइंडरला पुढे एकच संच असतो आणि शेपटीच्या पंखांच्या कोपऱ्यांत बारीक दातेरी चकत्या.

हे एकवेळ चालेल, नावच चुकलंय. पण 'सुपर ५३० डी' या दुसऱ्या, मोठ्या क्षेपणास्त्राचा म्हणून दिलेला तुकडा मोजला, तर जेमतेम ४९ मिलिमीटर. खरं ५३० डी ३.८० मीटरचं, म्हणजे इथे ५३ च्या आसपास हवं. हे तर जुन्या मिराज एफ१ विमानावरचं ५३० एफ!

भाचा म्हणाला, "मामा, कोणाला कळणार आहे?"

अरे, हे ग्वाल्हेर आहे! महाराजपूर हवाई तळाची मिराज डोक्यावरून गेली की बोलणं थांबवायचं, ही इथली जुनी सवय. १९९९ ला टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकणारी मिराज इथलीच. इथे नाही कळणार तर कुठे?

कोणाच्या डब्यात ५३० डी ची जादा जोडी पडली असेल तर सांगा. तोवर त्या जागा रिकाम्याच ठेवतोय.